शुगरचीच जखम, वेळ लागणारच?

मधुमेह्याच्या तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नसली की घरच्यांचं निदान ठरलेलं असतं: शुगरची जखम, वेळ लागणारच. बहुतेकदा ते खरंही असतं. रक्तपुरवठा कमी पडतो, संसर्ग हाडापर्यंत गेलेला असतो, किंवा चालताना त्याच जागेवर भार येत राहतो. पण मोजक्या जखमांमध्ये त्वचेचा कॅन्सर असतो, आणि ‘शुगरची’ म्हटल्यावर तो शोधायला कुणी जात नाही.

जुन्या जखमेतून कॅन्सर होतो ही भाकडकथा नव्हे. अशा व्रणाला फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांचं नाव आहे; त्यांनी 1828 मध्ये वर्णन केलं, कॅन्सरशी नातं नंतर जुळलं. सहसा त्याला वर्षं, कधी दशकं लागतात. त्वचा सतत डिवचली गेली तरी हेच घडू शकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. खानोलकर यांनी धोतर कमरेला आवळतं त्या जागी होणारा कॅन्सर 1945 मध्ये नोंदवला होता.

‘दुखत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज सर्वांत घातक. मधुमेहात पायाच्या नसाच बधिर होतात. तिथे दुखण्याच्या भरवशावर राहून कसं चालेल? त्यापेक्षा जखमेच्या कडा बघा. त्या जाड होऊन बाहेर वळल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वर आलं, पट्टी काढताना सहज रक्त येऊ लागलं किंवा जांघेत गाठ लागली, तर थांबू नका.

काही वेळा जखम मुळात मधुमेहाची नसतेच. मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर तळपायावर, नखाखालीही होतो, सावळ्या त्वचेलाही. तो काळाच असतो असं नाही. रंगहीन प्रकार नुसत्या लालसर मांसासारखा दिसतो.

‘पू तपासला, रिपोर्टमध्ये काही नाही.’ त्या तपासणीत जंतू कळतात, कॅन्सर नाही. त्यासाठी कडेचा आणि आतला, दोन-तीन जागचा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे. जखमेवरचा भार काढून, नीट उपचार करूनही चार आठवड्यांत ती निम्म्यावर आली नाही, तर रक्तपुरवठा, हाड, सगळंच नव्याने तपासायला हवं. तुकड्याचा विषयही तेव्हाच काढावा. दर आठवड्याला पट्टी सोडल्यावर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला, तर जखम भरतेय की नाही हा वादच उरत नाही.

राहिली पाय जाण्याची धास्ती. कॅन्सर लहान असतानाच सापडला, तर आजूबाजूच्या निरोगी कातडीसह तो काढून वर त्वचा लावणं पुष्कळदा पुरतं. हाडात शिरल्यावर मात्र पर्याय कमी होतात.