इन्सुलीच्या घाटात गिअर अडकतो तेव्हा

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना इन्सुलीचा घाट लागतो. तसा लहानच, पण जुन्या ऑटोमॅटिक गाडीची परीक्षा घ्यायला पुरेसा. महामार्गावर निमूट पळणारी गाडी या चढावर तापते आणि मग तिचं खरं दुखणं बाहेर येतं.

मुंबईच्या एका चाकरमान्याची वीसेक वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास तशीच अडली होती. घाटात मध्येच एका गिअरला चिकटायची. थांबून, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तरी पुढे फक्त दुसरा गिअर मिळायचा. थंड झाली की सगळं ठीक. शहरातल्या एका गॅरेजने निकाल देऊन टाकला होता: गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.

इथल्या मेस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. "थंड आसताना बरी चलता मा? मगे गिअरबॉक्स मेलो कसो?"

प्रश्न बिनतोड होता. क्लच झिजले असते तर इंजिनचे फेरे नुसतेच चढले असते आणि गाडी मागे राहिली असती. इथे तसं काही नव्हतं. दुसऱ्या गिअरला अडकणं हा या गिअरबॉक्सचा बचाव आहे. कंट्रोल युनिटला सेन्सरचा भरवसा वाटेनासा झाला की ते गिअर बदलणंच थांबवतं; गाडी कशीबशी घरी पोचावी, एवढीच सोय ठेवतं.

हा ७२२.६ नावाचा पाच गिअरचा बॉक्स १९९६ पासूनचा. त्यात तेल मोजायची नळी आहे, पण काठी नाही; ती गॅरेजवाल्याने स्वतःची आणायची. तेल आयुष्यभर पुरेल असं सुरुवातीला सांगितलं जाई, पुढे बदलायची शिफारस आली. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ऐंशी अंशांवर गेल्यावर. त्यातही एक मेख आहे: पार्क किंवा न्यूट्रलमध्ये तेलाचं तापमान कळतच नाही. म्हणून मेस्त्रींनी ब्रेक दाबून गाडी 'डी'मध्ये टाकली आणि स्कॅनरवर आकडा वाचला. पातळी बरोबर निघाली. काठीवरचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपून हुंगला. काळपट होता, पण जळका वास नव्हता.

मग बॉक्सच्या बाजूचा तेरा पिनांचा प्लग. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल झिरपतं आणि तारांमधून थेट कंट्रोल युनिटपर्यंत चढतं. इथे तो कोरडा होता.

"घाटात न्हेव्या." मालक चालवायला, मेस्त्री शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन, मी मागे. आत फेरे मोजणारे दोन सेन्सर असतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दोघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. अर्ध्या चढापर्यंत ते जोडीने हलत होते. मग वळणावर एक आकडा लटपटला आणि एकदम शून्यावर आला. दुसरा जागच्या जागी. गाडी तिथेच तिसऱ्या गिअरला चिकटली.

हे दोन्ही सेन्सर आतल्या एकाच प्लेटवर बसवलेले असतात. ती बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही; खालचं पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडी सोडवली की पुरतं. पॅनमधल्या चुंबकावर फक्त करडी मऊ पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते. म्हणजे क्लचही शाबूत. प्लेट, फिल्टर आणि तेल बदललं, काम झालं.

तुमच्या जुन्या गाडीबद्दल कुणी 'गिअरबॉक्स उतरवा' म्हणालं, तर गाडी तापलेली असताना घेतलेले सेन्सरचे आकडे आधी मागा. ते दाखवता येत नसतील, तर पैसे देऊ नका.