हाडे काय सांगतात?

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली आणि आत बाळाची हाडे. जैव-पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या शास्त्राची रीत समजावून देताना आम्हाला हे उदाहरण फार उपयोगी वाटते.

प्रथम मुलाचे वय ठरवायचे, ते दातांवरून. जबड्यात दात ठरावीक क्रमाने तयार होतात आणि त्या क्रमावर उपासमारीचा परिणाम तुलनेने कमी होतो. हाडांचे तसे नाही. पोषण कमी पडले किंवा आजार लांबला, की त्यांची वाढ मंदावते. समजा, दात दोन वर्षांचे वय सांगतात; पण मांडीचे हाड वर्षाच्या मुलाएवढेच भरते. मग त्या मुलाची आबाळ झाली असावी, असे अनुमान निघते. इनामगावात इ. स. पू. १००० नंतरच्या मुलांमध्ये वाढ खुंटल्याच्या खुणा अधिक आढळल्या. त्याच काळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या होत्या.

पण येथे एक मेख आहे. १९९२ साली जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष वेधले. आपल्यापुढे आहेत ती दगावलेली मुले. जगली-वाचली ती त्यांत नाहीत. शिवाय हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. चार दिवसांच्या तापाने गेलेल्या मुलाचे हाड स्वच्छ दिसते, तर महिनोन्‌महिने झुंजलेल्याच्या हाडावर खुणा राहतात. मग यांत अधिक कणखर कोण?

म्हणून मोठ्या माणसांचे दातही तपासावे लागतात. बालपणी दात घडत असताना मोठे आजारपण आले, तर दाताच्या कठीण कवचावर आडवी रेघ राहते आणि ती पुढे भरून येत नाही. अशी रेघ असलेला प्रौढ म्हणजे संकटातून वाचलेले मूल. दोन्ही पुरावे शेजारी ठेवले, तरच निष्कर्षाला आधार मिळतो.

आपल्या वर्गात किती मुलांचे कोणते दुधाचे दात पडले, याची उंचीसह नोंद करून पाहा. दात सारखे, पण उंची वेगळी, अशी मुले सापडतील. त्यामागे आनुवंशिकता असेल की आहार? हे नुसत्या मोजमापावरून सांगता येईल का, हा प्रश्न मुलांनाच विचारा.