शिकवलेला माणूस सोडून जातो? अयाक्सचं गणित बघा



"सर, पोराला दोन वर्षं शिकवलं, हात बसला आणि गेला सोडून. मग शिकवायचं कशाला?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. आज उत्तर फुटबॉलमधून देतो.

2019 मध्ये ॲमस्टरडॅमच्या अयाक्स क्लबने दोन तरुण खेळाडू विकले. फ्रेंकी डी यॉंग बार्सिलोनाला, मॅथाइस डी लिख्ट युव्हेंटसला. प्रत्येकी साधारण साडेसात कोटी युरो! डी लिख्ट लहानपणापासून अयाक्सच्याच अकादमीत वाढलेला. आणि डी यॉंग? 2015 मध्ये विलेम टू या छोट्या क्लबकडून फक्त 1 युरोला घेतलेला.

1. आज भाव नाही, तर उद्याचा हिस्सा मागा
विलेम टू मूर्ख नव्हता. पुढे विक्री झाली तर 10 टक्के आमचे, हे त्यांनी करारात लिहून घेतलं होतं. तोंडी नाही, लेखी!

2. 'फुकट' काहीच नसतं
विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत करारातल्या वर्षांवर खर्च म्हणून विभागली जाते. घरच्या खेळाडूला खरेदी किंमतच नसते, म्हणून विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफा दिसते. पण कोचचे पगार, मैदानं, आणि जी पोरं मोठी झालीच नाहीत त्यांचा खर्च क्लबने आधीच सोसलेला असतो. तुमच्या दरात शिकवण्याचा खर्च धरलाय का?

3. वेळ गेली की किंमत गेली
1995 च्या बोसमन निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू पैसे न देता दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो. म्हणून करार शिल्लक असतानाच क्लब ठरवतात: वाढवायचा की विकायचा.

4. दुसरी फळी
इथे खुद्द अयाक्सच चुकला. 2022 मध्ये अँटनी आणि लिसांद्रो मार्टिनेझ मँचेस्टर युनायटेडला गेले, कोचही तिकडेच गेला. पैसा भरपूर आला. पण ऑक्टोबर 2023 मध्ये हाच क्लब डच लीगच्या तळाला होता! गल्ला भरलेला, पण काम करणारे हात कच्चे.

आता आपलं बघू. आपण माणूस विकत नाही, विकायचाही नाही. त्याला अडवूनही ठेवता येत नाही. पण तो जाणार हे धरून तयारी करता येते. कामाची पद्धत वहीत लिहा. प्रत्येक कारागिराच्या हाताखाली एक शिकाऊ ठेवा. आणि जाणाऱ्याशी भांडू नका. त्याने स्वतःचं दुकान टाकलं, तर कच्चा माल तुमच्याकडून घेईल का? जास्तीचं काम एकमेकांना द्यायचं, त्यावर कमिशन किती? जाण्याआधीच बसून ठरवा, कागदावर घ्या. तोच तुमचा 10 टक्के.

आजचा होमवर्क: तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि पुढे लिहा, 'हा उद्या आला नाही तर कोण?' जिथे जागा रिकामी राहील, तिथून शिकवायला सुरुवात करा. उद्यापासून नाही, आजपासून!