स्लीमनसाहेब, ठग आणि ९३१चा आकडा

‘काठीला सोनं बांधून काशीला जावं, असं राज्य इंग्रजांनी आणलं’ हे वाक्य सेलूत पारावर ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, शाळेच्या व्याख्यानानंतर तर हमखास ऐकू येतं. हल्ली त्याला एक शेपूट जोडलेलं असतं. स्लीमन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं एकट्यानं ठगांचा नायनाट केला, म्हणून हे शक्य झालं म्हणे. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यात पिवळा रुमाल, कालीची मूर्ती आणि ‘एकट्या बेहराम ठगानं केलेले ९३१ खून’ असतात. ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितली जाते, की तिचा एकेक धागा सोडवून दाखवणं भाग आहे.

पहिला धागा, ‘स्लीमननं ठग शोधून काढले’. इतिहासकार बरनी यानं दिल्लीच्या जलालुद्दीन खिलजीच्या काळाची, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरची नोंद करून ठेवली आहे. हजारेक ठग पकडले गेले आणि सुलतानानं त्यांना नावांत बसवून बंगालच्या बाजूला सोडून दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातही इटाव्याचा मॅजिस्ट्रेट थॉमस पेरी १८१०च्या सुमारास ठगांचे जबाब घेत होता. १८१२ मध्ये ठगांचा अड्डा असलेल्या सिंदौसवर फौज गेली, त्या मोहिमेत लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेला. १८१६ मध्ये डॉ. रिचर्ड शेरवूड यानं मद्रासेत दक्षिणेतल्या फासेगारांवर, म्हणजे तिकडच्या ठगांवर, सविस्तर लेख छापला. त्या वेळी स्लीमन या भानगडीत नव्हताच. पुढे १८२२ पासून तो नरसिंहपूरचा कारभार पाहत होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, असं त्यानंच नंतर लिहून ठेवलं आहे. त्याच्या मोठेपणाच्या गोष्टीत ही कबुली कधी येत नाही.

दुसरा धागा, ‘एकट्यानं’. खटले चालवणारा त्याचा वरिष्ठ होता जबलपूरचा एजंट एफ. सी. स्मिथ. पाठीशी होता गव्हर्नर जनरल बेंटिंक. आणि आपल्या भागाचं म्हणाल, तर सेलू, परभणी, जिंतूर हा सगळा मुलूख निजामाचा. इथे कंपनीची कोर्टं नव्हती. हैदराबादच्या बाजूचं काम कॅप्टन रेनॉल्ड्स नावाचा अधिकारी पाहत होता. त्याच निजामी चाकरीत फिलिप मेडोज टेलर होता. हाच टेलर पुढे १८५३ मध्ये नळदुर्गचा कारभारी झाला, आणि धाराशिवकडच्या लोकांना त्याचं नाव अजून माहीत आहे. १८७७ साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्रात एक सल उघड दिसते. ठगांचा माग आपल्याला आधीच लागत होता, पण बदली झाली आणि श्रेय दुसऱ्याकडे गेलं. त्याचा दावा शंभर टक्के मानायची गरज नाही. पण त्या काळचे अधिकारीच श्रेयासाठी एकमेकांशी झगडत होते, तिथे आपण दोनशे वर्षांनी सगळं एकाच्या पदरात का टाकावं?

तिसरा धागा सर्वांत महत्त्वाचा आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ठग पकडले कसे? उत्तर आहे, माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. पकडलेल्या ठगापुढे दोनच वाटा असत. फास, नाहीतर साथीदारांची नावं. फिरंगिया नावाचा जमादार १८३०च्या अखेरीस हाती लागला आणि बोलू लागला, तेव्हा मोहिमेला वेग आला. त्यानं दाखवलेल्या जागा खणल्यावर खरोखर प्रेतं निघाली, हे नाकारता येत नाही. स्लीमननं टोळ्यांच्या वंशावळी काढल्या, नकाशे तयार केले, जबाब एकमेकांशी ताडून पाहिले. त्याची मेहनत खरी होती.

पण पुढे आला १८३६चा ३० क्रमांकाचा कायदा. कोणत्या माणसानं कोणता खून केला हे सिद्ध करण्याची गरजच त्यानं काढून टाकली. अमुक माणूस कधीतरी ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं, की जन्मठेप आणि सक्तमजुरी. टोळी कायद्याच्या आधीची असली तरी चालेल, कंपनीच्या हद्दीबाहेरची असली तरी चालेल. म्हणजे निजामाच्या मुलखातला माणूससुद्धा त्यात सापडला. ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात नाही. आरोपीला वकील नाही. समोरचा साक्षीदार असा, की ज्याचा जीव त्याच्या उपयोगीपणावर टांगलेला. कुणाला शंका असेल त्यानं राधिका सिंघा यांचं १९९८ चं ‘अ डेस्पॉटिझम ऑफ लॉ’ वाचावं, सगळं कागदोपत्री मांडलेलं आहे. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जणांचा असा ‘निकाल’ लागला, त्यातले ४१२ फासावर गेले. त्यात निरपराध किती होते हे ठरवायला त्या खटल्यांनी काही साधनच मागे ठेवलं नाही, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे.

आता बेहराम. ९३१ हा आकडा लखनौच्या रेसिडेंटचा सहायक जेम्स पेटन यानं १८३०च्या दशकात घेतलेल्या जबाबांतून आला आहे. त्याचा अर्थ ‘आपण हजर असताना, आपल्या टोळ्यांनी केलेले खून’ असा आहे. त्याच बेहरामनं त्याच पेटनला सांगितलं, की स्वतःच्या हातानं आपण सव्वाशेच्या आसपास माणसं मारली असतील आणि आणखी दीडशे मरताना पाहिली असतील. माइक डॅश यांनी २००५ च्या ‘ठग’ या पुस्तकात ही विसंगती दाखवून दिली आहे. तरी गिनीज बुकातून आलेला ९३१ काही मरत नाही! सव्वाशे खून म्हणजे लहान गोष्ट नव्हे, त्यासाठी आकडा फुगवायची गरजही नाही. शिवाय हिशोब साधा आहे. एका खुनाला पंचवीस ठग हजर असले आणि पंचवीसही जणांनी तो आपल्या खात्यात मांडला, तर एका मुडद्याचे पंचवीस होतात. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन यानं १९३३ साली आजोबांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच दहा लाख खून आहेत. ठग होते असं ठामपणे मानणारे डॅश दीडशे वर्षांच्या काळासाठी पन्नास हजारांचा अंदाज देतात.

इथे थोडं थांबून ही दंतकथा कुणी रचली ते बघा. १८३०च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यिक पत्रात निनावी पत्र छापून आलं. विंध्याचलच्या देवीच्या कृपेनं देशभर खून पाडणारा एक पंथ आहे आणि सरकारनं आता उठावं, असा त्याचा सूर होता. ते पत्र स्लीमननंच लिहिलेलं होतं. १८३६ मध्ये ठगांच्या बोलीवरचं ‘रामसीआना’ त्याचंच. १८३९ मध्ये टेलरची कादंबरी आली, तिच्यातल्या अमीर अली या ठगाच्या नावावर ७१९ खून. मग नातू आणि मग सिनेमे. पुरावा गोळा करणारा, साक्षीदार निवडणारा आणि जगाला गोष्ट सांगणारा, तिन्ही एकच माणूस असेल तर त्या गोष्टीत नायक कोण ठरणार हे उघड आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या टेनेसीचा शेरीफ ब्युफर्ड पसर हातात दांडका घेऊन गुंडांशी लढणारा वीर म्हणून गाजला, १९७३ मध्ये त्याच्यावर ‘वॉकिंग टॉल’ हा सिनेमा निघाला. १२ ऑगस्ट १९६७च्या पहाटे दबा धरलेल्या मारेकऱ्यांनी आपल्या बायकोला, पॉलीनला गोळ्या घातल्या, ही त्यानं सांगितलेली हकीकत लोकांनी तशीच उचलली. २०२४ मध्ये तिचं प्रेत उकरून तपासलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या तपास यंत्रणेनं जाहीर केलं, की तो जिवंत असता तर त्याच्यावरच खुनाचा आरोप ठेवता येईल इतका पुरावा आहे. पसर १९७४ मध्येच मेला. स्लीमननं असलं काही केलं असं मी सुचवत नाही. पण नायकाचाच जबाब हा एकमेव इतिहास मानायची खोड दोन्हीकडे सारखी आहे.

याचा उलटा गैरसमजही हल्ली शिकलेल्या मंडळींत पसरला आहे, की ठग वगैरे काही नव्हतंच, ती सगळी इंग्रजांची बनवाबनवी. तेही खोटं. किम वॅगनर यांनी २००७ मध्ये स्लीमनच्या आधीचे कागद तपासून दाखवलं, की वाटसरूंना विश्वासात घेऊन मारणाऱ्या टोळ्या होत्या. स्थानिक जमीनदार त्यांना आसरा देत आणि लुटीतला वाटा घेत. मोडलेल्या फौजा आणि बेकारी यांची त्यात भर पडली. नव्हता तो देशव्यापी गुप्त पंथ.

त्या पंथाच्या कल्पनेची किंमत मात्र इथल्याच माणसांनी मोजली. गुन्हा वंशपरंपरेनं येतो, बापाचा धंदाच मुलगा करणार, हा विचार ठगांच्या प्रकरणात सरकारच्या अंगवळणी पडला आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सबंध जमातींवर शिक्का बसला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांमागे कुटुंबंच्या कुटुंबं डांबली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पोलिसांकडची हजेरी आणि संशय गेला नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं ते याच संशयाखालच्या जगण्यातून. सेलू-परभणीच्या पट्ट्यात चोरी झाली, की पहिल्यांदा पारध्यांच्या पालाकडे बोट दाखवणारी माणसं स्लीमनचं नावही न ऐकता त्याचाच युक्तिवाद चालवत असतात.

राहिलेले गैरसमज भराभर. ठग म्हणजे फक्त कालीभक्त हिंदू, हे चूक. त्यांच्यात मुसलमान भरपूर होते, बेहराम आणि कादंबरीतला अमीर अलीही मुसलमानच. ठग आणि पेंढारी एकच, हेही चूक. पेंढारी उघडपणे घोड्यावरून फौजांबरोबर लूट करत आणि १८१७-१८च्या मोहिमेत मोडले गेले. माफीचे साक्षीदार सुटून गेले, हे तर साफ खोटं. फास टळला तरी त्यांना मोकळं सोडलं नाही, जबलपूरच्या कारखान्यात ते तंबू आणि गालिचे विणत राहिले. १८४० पर्यंत सगळं संपलं असंही नाही. ठगी आणि दरोड्यांसाठीचं खातं १९०४ पर्यंत चालू होतं. आणि स्लीमन नुसता फाशी देणारा साहेब होता, हेही अर्धवट. जबलपूरजवळ १८२८ मध्ये डायनोसॉरची हाडं त्यालाच सापडली, आणि लखनौचा रेसिडेंट असताना अवध खालसा करायला त्यानं स्पष्ट विरोध केला. १८५६ मध्ये अवध खालसा झालं, आणि त्याच वर्षी मायदेशी परतताना तो बोटीवर वारला.