मशीनचा टाका पडतो कसा?

सातवीच्या वर्गात एकदा मी सहज एक प्रश्न विचारला. "घरी आपण हाताने बटण लावतो तेव्हा सुई कापडातून आरपार जाते, पलीकडून आपण ती ओढून घेतो आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने घालतो. मशीनची सुई मात्र खाली जाते आणि गेली तशीच वर येते. खालून तिला कोणी धरत नाही, सोडत नाही. मग टाका पडतो कसा?"

वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, खाली बॉबिनचा दोरा असतो ना!" असतो हे खरेच. पण हा खालचा दोरा वरच्या दोऱ्यात अडकतो कसा? त्याला ना सुई, ना नेढे, ना हात. जिची आई घरी ब्लाऊज शिवते अशी एक मुलगी वर्गात होती. तिने बॉबिन केसमध्ये दोरा कसा भरायचा, तो कोणत्या फटीतून ओढून घ्यायचा, सगळे बिनचूक सांगितले. पण अडकण्याचे कोडे काही सुटले नाही. तास संपला. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही ते नीट सांगता आले नसते. घरात पायमशीन असूनही मी आत कधी वाकून पाहिले नव्हते.

आधी हातशिलाईकडे पाहू. नेढे असलेल्या हाडाच्या सुया सायबेरियात सापडल्या आहेत आणि त्या तीस-चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. त्या सुयांची आणि आजच्या पोलादी सुईची कल्पना एकच: एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला नेढे. दोरा एकच आणि तो सुईमागोमाग कापडातून आरपार जातो. गोधडीचा धावदोरा पाहा. दोरा कापडाच्या वर, खाली, वर, खाली असा नागमोडी जातो. त्याचे एक टोक मोकळे असते म्हणूनच हे शक्य होते. मात्र प्रत्येक टाक्याला तो सगळाच्या सगळा ओढून घ्यावा लागतो. म्हणून शिवणारी बाई हातभर दोराच ओवते; जास्त घेतला तर गुंता होतो आणि हात दुखतो.

यंत्र करायला निघालेल्या सुरुवातीच्या लोकांनी नेमके हेच करून पाहिले, म्हणजे हाताची नक्कल. चार्ल्स वीसेंथाल याने १७५५ साली इंग्लंडमध्ये एका सुईचे पेटंट घेतले. तिला दोन्ही टोकांना अणी आणि मध्ये नेढे होते. सुई न वळवताच दोन्हीकडून टोचता यावी, हा हेतू. पण आरपार गेलेली सुई पलीकडे धरायला कोणीतरी हवेच आणि सगळा दोरा ओढण्याचा प्रश्नही सुटत नाही. हाताची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र सोपे नसते, हे इथेही दिसले.

मोच्याची आरी

खरी वाट वेगळ्याच ठिकाणी होती. तुमच्या गावच्या मोच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि तो चपलेचा तळ कसा शिवतो ते पाहा. त्याच्या हातात नेढ्याची सुई नसते, आरी असते. आरीच्या टोकाशी एक खाच, म्हणजे बारीक आकडा असतो. आरी चामड्यातून आत जाते, आतल्या हातातला दोरा खाचेत अडकवते आणि वर येताना त्या दोऱ्याचा एक फास घेऊन येते. आरी स्वतः आरपार जात नाही, आली तशी परत जाते. मशीनच्या सुईसारखीच!

आता या फासाचे काय करायचे? तो तसाच सोडला तर ओढताच निघून येईल. इथे दोन रस्ते आहेत. पहिला असा की पुढचा फास या फासातून काढायचा, त्याच्या पुढचा त्या फासातून. ही झाली साखळी. कच्छचे मोची आरीने जे भरतकाम करत आले ते याच साखळीचे. अठराव्या शतकात पूर्वेकडून हे तंत्र युरोपात गेले आणि तिथे चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकड्याने भरतकाम होऊ लागले. बार्थेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली पेटंट घेतलेल्या यंत्राची सुई अशीच आकड्याची होती.

साखळीचा दोष मुलांना माहीत असतो, फक्त त्यांनी तो दोष म्हणून पाहिलेला नसतो. सिमेंटच्या किंवा तांदळाच्या पोत्याचे तोंड बहुधा साखळी टाक्याने शिवलेले असते. शिवण जिथे संपली त्या टोकाचा दोरा योग्य तऱ्हेने ओढला की सर्रकन सगळी शिवण उसवते. चुकीच्या टोकाने ओढा, ती घट्टच होते. प्रत्येक फासाला पुढच्या फासाने धरलेले असते आणि शेवटच्याला कोणीच नाही, म्हणून असे होते. पोत्याला हा गुणच आहे. पँटच्या बैठकीच्या शिवणीला मात्र तो परवडणार नाही.

दुसरा रस्ता मोची वापरतो. वर आलेल्या फासातून तो दुसऱ्या दोऱ्याचे टोक ओवतो आणि दोन्हीकडून आवळतो. दोन दोरे चामड्याच्या जाडीत एकमेकांना आकडी घालून बसतात. एक टाका तुटला तरी शेजारचा लगेच सुटत नाही. आपल्या घरातल्या शिवणयंत्राचा टाका हाच.

दोऱ्याच्या रिळाभोवती फेरी

मोच्याला हात असतो म्हणून त्याला फासातून टोक ओवता येते. यंत्राने काय करावे? उत्तर इतके साधे आहे की कळल्यावर हसू येते. दुसऱ्या दोऱ्याचे टोक फासातून नेण्याऐवजी त्याचे अख्खे रीळच फासातून न्यायचे. बॉबिन म्हणजे तेच रीळ.

यासाठी सुईचे नेढे वरच्या टोकाकडून काढून अणीजवळ आणले. सुई दोऱ्यासह कापडाखाली जाते. अगदी तळाशी पोचून ती जरा वर उचलली जाते, तेव्हा दोराही तिच्याबरोबर वर जाऊ पाहतो. पण एका बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणाने अडून राहतो आणि सुईशेजारी फुगतो. हा झाला फास. त्याच क्षणी शटलचा टोकदार आकडा येतो, फासात शिरतो, तो मोठा करत बॉबिनच्या घरावरून फिरवतो आणि पलीकडे सोडून देतो. बॉबिन फासातून पार झाले. मग वरचा नाचणारा दांडा जास्तीचा दोरा वर खेचून घेतो आणि टाका आवळला जातो.

इथे मुलांना एक अवघड वाटणारी गोष्ट आहे. फास बॉबिनच्या सगळ्या बाजूंनी फिरून जायचा तर बॉबिन यंत्राला कुठे जोडलेले असून चालेल का? एका खिळ्याने जरी ते पक्के केले असते तरी फास तिथे अडकला असता. म्हणून बॉबिनचे घर शटलमध्ये नुसते टेकून बसवलेले असते; दोरा निसटून जाण्यापुरती जागा सगळीकडे सोडलेली असते. बॉबिन सारखे का संपते, याचेही उत्तर यातच आहे. वरचे रीळ कितीही मोठे चालेल, पण खालच्याला दर टाक्याला फासातून जायचे आहे.

सुईवर एका बाजूला लांब खाच असते, तिच्यात दोरा लपून खाली जातो. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर सुई थोडी खोलगट केलेली असते, कारण तिथे आकड्याला फासात शिरायचे असते. सुई बदलताना ती उलटी बसवली की मशीन टाके सोडू लागते. आमच्या घरी एकदा तीन दिवस मशीन बंद होते, दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले, त्याने सुई काढून फिरवून बसवली आणि पैसे घेऊन गेला.

सुई वर असताना कापड पुढे सरकायला हवे. हे काम खालच्या दातांचे. ते वर येतात, फूटने दाबलेले कापड एका टाक्याइतके पुढे नेतात, खाली बुडतात आणि तसेच बुडून मागे येतात. ही चौकोनी चाल अॅलन विल्सन या अमेरिकनाने १८५४ साली पक्की केली आणि आजही तीच वापरतात.

तोडफोड आणि भीती

अणीजवळ नेढे आणि दोन दोरे ही जोडी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३०च्या दशकात जमवली होती. त्याने पेटंट घेतले नाही. हे यंत्र वापरून शिवण्याचा धंदा कर, असे त्याने मुलीला सुचवले तेव्हा गरीब शिवणाऱ्या बायकांची रोजी जाईल म्हणून ती नको म्हणाली, असे सांगतात. ही भीती पोकळ नव्हती. तिमोनिएची ऐंशी यंत्रे पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवत होती; १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. तिमोनिए १८५७ साली गरिबीतच मेला.

एलियास हॉने १८४६ साली पेटंट घेतले. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनमध्ये त्याने पाच शिवणाऱ्या बायकांशी पैज लावून त्यांना हरवले होते. तरी गिऱ्हाईक मिळाले नाही, कारण यंत्र फार महाग होते. त्यात कापड उभे टांगावे लागे आणि थोडे शिवून झाले की पुन्हा लावावे लागे. आयझॅक सिंगरच्या १८५१च्या यंत्रात सुई सरळ उभी आणि कापड आडवे आले. पुढे पायाने चालवण्याची सोय झाली, दोन्ही हात मोकळे राहिले. मग पेटंटवरून खटले झाले. शेवटी १८५६ साली प्रमुख कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली. त्याच वर्षी सिंगर कंपनीने हप्त्याने यंत्र द्यायला सुरुवात केली. मध्यमवर्गीय घरात मशीन शिरले ते हप्त्यांमुळे, हे विज्ञानाच्या पुस्तकात सहसा नसते.

व्हीलर अँड विल्सन कंपनीने १८६०च्या सुमारास एक तक्ता छापला. पुरुषाचा सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे, यंत्राने १ तास १६ मिनिटे. जाहिरातीचा आकडा म्हणून थोडा कमी धरला तरी फरक प्रचंड आहे. मग उरलेले तेरा तास कुणाला मिळाले? घरी स्वतःच्या मुलांचे कपडे शिवणाऱ्या बाईला त्यातले काही नक्की मिळाले. तुकड्यावर मजुरी घेणारीला मात्र तेवढ्याच पोटासाठी जास्त सदरे शिवावे लागले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते.

गांधीजींना १९२४ साली एका तरुणाने विचारले की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. त्यांनी अपवाद म्हणून शिवणयंत्राचेच नाव घेतले. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, असे ते म्हणाले. इतिहासात सिंगरबद्दल तसे काही दिसत नाही; घर चालवण्यासाठी बायको शिवणकाम करी ती हॉची. पण मुद्दा चुकत नाही. हे यंत्र एका माणसाच्या घरात मावते आणि त्याच्याच पायांवर चालते. २०२० साली करोनाच्या काळात बचत गटांच्या बायकांनी घरोघरच्या मशीनवर कापडी मास्क शिवले, ते म्हणूनच जमले.

मोजून पाहा

शाळेत शिवण मुलींना शिकवतात आणि बाजारात शिंपी बहुतेक पुरुष असतो, ही आपल्याकडची एक गंमत. तेव्हा पुढचे उद्योग मुलगे आणि मुली दोघांनाही द्यावेत. वर लाल आणि खाली पांढरा दोरा भरा. वरचा ताण अगदी सैल करून एक टीप मारा, मग अगदी घट्ट करून. कोणत्या बाजूला कोणता रंग डोकावतो? आकडी कापडाच्या मधोमध कधी बसते?

शटलवरची पत्री सरकवून चाक हाताने हळू फिरवा आणि फास धरला जाताना पाहा. पायमशीनच्या मोठ्या चाकाचा आणि वरच्या छोट्या चाकाच्या खाचेचा परीघ दोरीने मोजा. छोट्या चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. मग पायाच्या एका हेलकाव्यात किती टाके?

आणखी एक. चाकाच्या एका फेऱ्यात नाचणारा दांडा किती दोरा मागेपुढे करतो ते सुईच्या वरच्या दोऱ्यावर शाईची खूण करून पाहा. समजा दहा सेंटिमीटर आला. टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो तो तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात बसण्यापूर्वी नेढ्यातून तीस-पस्तीस वेळा वर-खाली घासला जातो. स्वस्त दोरा मशीनवर तुटतो, पण हातशिलाईत टिकतो, तो यामुळे.

साडीला फॉल लावणारी बाई आजही वरची कड हातानेच शिवते. मशीनचा टाका दोन्ही बाजूंना दिसणारच. हातातली सुई साडीचे एक-दोन धागेच उचलून परत फिरते आणि दर्शनी बाजूला काही दिसत नाही. मुलांना घरचा एक फॉल भिंगाखाली ठेवायला सांगा, एका वितीत किती टाके ते मोजायला सांगा. मग एका साडीच्या फॉलची मजुरी विचारून यायला सांगा.