दोष खेळाडूचा की टेबलाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सभागृहात दोन तरुणांचे कडाक्याचे भांडण झाले. निमित्त क्षुल्लक होते. पूल खेळताना एकाने मारलेला चेंडू कडेवर आपटून परत यावयाचा, तो कडेपाशीच थबकला. दुसऱ्याने टेबलाला धक्का दिला, असा आरोप झाला. शब्दाने शब्द वाढला आणि दोन घरांचे बोलणे बंद पडले. हे टेबल गावच्याच एका निवृत्त खलाशाने बंद पडलेल्या हॉटेलातून विकत घेऊन मुलांसाठी दिले होते. “फादर, ते भंगारात काढा, म्हणजे भांडणाचे मूळच जाईल,” असा वडीलधाऱ्यांचा सल्ला पडला. तथापि निर्णय घेण्यापूर्वी मी एक चेंडू घेऊन त्याच जागी पाचसहा वेळा ढकलून पाहिला. प्रत्येक वेळी तो तसाच थबकला. दोष मुलाचा नव्हता, कडेचा होता.

ज्या गावांत तरुणांसाठी असे टेबल आहे, तेथे हा प्रसंग आज ना उद्या यावयाचाच. म्हणून या कडेविषयी चार शब्द लिहितो.

पूल-टेबलाचा तळ बहुधा पाटीच्या दगडाचा असतो. त्याच्या भोवती सहा लाकडी काठ बसविलेले असतात आणि प्रत्येक काठाच्या आतल्या अंगास, कापडाखाली, त्रिकोणी घडणीची रबरी पट्टी चिकटविलेली असते. हिलाच खेळाडू ‘कुशन’ म्हणतात. मिळालेला वेग शक्य तितका परत देणे, एवढेच तिचे काम. परंतु सारा खेळ त्यावर उभा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांच्यासारख्या कसबी खेळाडूचा नेमही कडेच्या भरवशावरच चालतो.

पूर्वी या कडांत लोकर किंवा नमद्यासारखे कापड भरीत. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबर वापरले. परंतु कच्चे रबर थंडीत दगडासारखे कडक होई आणि खेळापूर्वी ते ऊन करावे लागे. पुढे रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची कृती निघाली. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८४४ साली तिचे पेटंट मिळाले, आणि अशा पक्क्या रबराने कडांचा प्रश्न सुटला. मात्र पक्के रबरही अमर नाही. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते वर्षानुवर्षे कडक होत जाते, त्यास भेगा पडतात व शेवटी त्याचा भुगा होतो.

म्हणून प्रथम परीक्षा करावी. प्रत्येक कडेवर हातभर अंतराने चेंडू सारख्याच जोराने सोडावा. एकाच जागी ‘ठप्प’ असा पोकळ आवाज आला, तर बहुधा काठाचा बोल्ट सैल झालेला असतो किंवा पट्टी तेवढ्यापुरती सुटलेली असते. टेबलाखाली शिरून पान्याने बोल्ट आवळले तर पुष्कळदा खर्चाशिवाय काम भागते. अंगठ्याने दाबून पाहता रबर लाकडासारखे लागले किंवा आत चुरचुरले, तर मात्र ते बदलावे; आणि एक बदलले की सहाही बदलावीत. नव्या व जुन्या रबराचा जोर सारखा नसतो. त्यांची सरमिसळ झाली की भांडण मिटत नाही, नुसते जागा बदलते.

आमच्या मुलांनी आधीच एका कडेत सायकलची जुनी ट्यूब कोंबली होती. परिणाम असा झाला की चेंडू उसळून जमिनीवर पडू लागला. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि रबराचे टोक त्याच्या उंचीच्या सुमारे साडेत्रेसष्ट टक्क्यांवर, म्हणजे तळापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर टेकावे लागते. टोक खाली गेले तर चेंडू उडतो. वर गेले तर चेंडू तळात दाबला जाऊन वेग हरवतो व कापडही झिजते. म्हणून मिळेल ते रबर चालत नाही. ‘के-६६’ व ‘के-५५’ अशा निरनिराळ्या घडणी मिळतात. जुन्या पट्टीचा तुकडा कापून दुकानात न्यावा आणि त्याच घडणीची पट्टी आणावी.

आता प्रत्यक्ष काम. सोडण्यापूर्वी प्रत्येक काठावर खडूने क्रमांक घालावा. काठांची अदलाबदल होऊ देऊ नये. बोल्ट काढून काठ उलटा ठेवावा आणि कापडाच्या पिना उपसाव्यात. वरच्या अंगास खाचेत ठोकलेली लाकडाची बारीक पट्टी कापड धरून ठेवते. ती ज्या काठाची त्याच काठासाठी जपावी. जुने रबर सोलून वाळलेला चिकटा पटाशीने व काचकागदाने काढावा, पण लाकूड खरवडू नये. रबराची उंची त्या लाकडाच्या उतारावरच ठरते.

मग चांभार किंवा सुतार वापरतो ते सोल्यूशन लाकडास व रबरास, दोहोंस पातळ लावावे आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. येथे घाई करणारा फसतो. पट्टी दोन्ही टोकांस थोडी लांब ठेवून, एका टोकापासून, लाकडाच्या वरच्या धारेशी जुळवीत बसवावी. ती मुळीच ताणू नये. ताणलेले रबर पुढे आखडते. रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी टोके लाकडाच्या कोनाबरोबर कापावीत. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटपाशी हा कोन १४२ अंशांचा व मधल्या पॉकेटपाशी १०४ अंशांचा असतो. कापलेल्या तोंडावर रबराची पातळ चकती चिकटवावी.

शेवटी कापड. लाकडी पट्टी खाचेत बसविताना तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी हलके मारावी आणि कापड सर्वत्र सारखेच ताणावे. काठ जागेवर बसवून बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने आवळावेत.

हे काम एकट्याने होत नाही. लांब पट्टी लावताना एकाने टोक उचलून धरावे लागते, दुसऱ्याने दाबीत जावे लागते. मी मुद्दामच त्या दोघा तरुणांना बोलाविले. पहिल्या काठावर ते एकमेकांकडे न पाहता काम करीत होते. तिसऱ्या काठावर एकाला दुसऱ्यास “थोडे वर घे” असे सांगावेच लागले. सहाव्या काठापर्यंत बोलणे सुरळीत झाले होते.

चांगल्या टेबलावर एका टोकाच्या खुणेवरून सरळ, जोरकस मारलेला चेंडू टेबलाची लांबी निदान चार ते साडेचार वेळा कापतो. आमच्या टेबलावर ज्याच्यावर आरोप झाला होता त्यानेच पहिला चेंडू मारला. तो गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला आणि पाचव्या फेरीच्या मध्यावर थांबला. आरोप करणारा मुलगा क्षणभर गप्प राहिला. “माझीच चूक झाली,” तो म्हणाला आणि चेंडू मांडावयास लागला.