झाडपाल्याला मुदत हवी

गायीच्या कासेला सूज आली, एखादा सड गरम लागू लागला आणि धार काढताना दुधात गुठळ्या दिसल्या की दूध उत्पादकाच्या पोटात गोळा येतो. या दगडीवर, म्हणजे कासदाहावर, गेल्या काही वर्षांत एक लेप देशभरातल्या दूध संघांमधून पोचला आहे. तंजावरचे पशुवैद्यक डॉ. एन. पुण्यमूर्ती आणि बंगळूरचे ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ यांच्या कामातून त्याचे प्रमाण ठरले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याचा प्रसार केला. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम हे एकत्र वाटायचे. चुना लागताच हळद लालभडक होते. कासेतले दूध पूर्ण पिळून काढायचे, कास स्वच्छ धुवायची, लगद्यातला मूठभर भाग पाण्यात सैल करून सगळ्या कासेवर चोळायचा. दिवसातून आठ-दहा वेळा असे करायचे आणि निदान पाच दिवस खंड पडू द्यायचा नाही. जोडीला दोन लिंबे चिरून दिवसातून दोनदा खाऊ घालायची. चुना विड्याचा, भिजलेला घ्यायचा. कळीचा चुना सडाची कातडी भाजून काढतो.

यातली कोरफड आणि हळद कोणत्याही मराठी घराला नवी नाही. नवे आहे ते वजन, वेळा आणि दिवस. आपल्याकडचे बहुतेक घरगुती उपाय आता हे तीन तपशील गमावून बसले आहेत. 'हळद लावा', 'ओवा द्या', 'कडुनिंबाचा पाला घाला' एवढेच उरले आहे. किती द्यायचे, कोणत्या लक्षणावर द्यायचे आणि किती वेळात गुण आला नाही तर थांबायचे, हे ज्या जाणत्या माणसांना ठाऊक होते ती गेली. त्यांचे नुस्खे मोबाइलवरून फिरत राहिले, त्या नुस्ख्यांच्या मर्यादा मात्र त्यांच्याबरोबर गेल्या. माणसांच्या आणि जनावरांच्या रोजच्या दुखण्यांवरच्या झाडपाल्याचे मोल मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्याला मात्रा नाही आणि मुदत नाही, त्या उपायाला औषध म्हणू नये, हेही तितकेच ठाम मत आहे.

कासदाहाच्या लेपावर पहिला आक्षेप अभ्यासक घेतात आणि तो रास्त आहे. लेप लावून गायी बऱ्या झाल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. परंतु लेप न लावलेल्या तशाच गायींचे काय झाले, हे बाजूला मांडल्याशिवाय श्रेय नेमके कोणाचे ते ठरत नाही. सौम्य कासदाह, विशेषतः शेणातल्या ई. कोलाय जिवाणूमुळे झालेला, पुष्कळदा गायीची स्वतःची प्रतिकारशक्तीच निस्तरते. शिवाय लेपाच्या पद्धतीतच तीन उपकारक गोष्टी दडलेल्या आहेत. दूध पुन्हा पुन्हा पिळून काढले जाते, कास वारंवार धुतली जाते आणि घरातले कोणीतरी दिवसातून दहा वेळा त्या कासेकडे नीट पाहते. तेव्हा गुण लेपाचा किती आणि या शुश्रूषेचा किती?

या प्रश्नाचे उत्तर पूर्ण मिळाले नाही तरी लेप निरुपयोगी ठरत नाही, असे मला वाटते. प्रगत देशांतल्या अनेक मोठ्या गोठ्यांत आता सौम्य कासदाहात लगेच प्रतिजैविक देत नाहीत. दुधाचा नमुना घेऊन त्यात कोणता जिवाणू वाढतो ते सुमारे चोवीस तास पाहतात. काहीच वाढले नाही किंवा ई. कोलाय निघाला तर सहसा सडात प्रतिजैविक सोडत नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी धीर धरणे हे आधुनिक पशुवैद्यकातही मान्य आहे, मात्र तो धीर डोळे उघडे ठेवून धरलेला असतो. आपल्याकडे गावात तशी चाचणी हाताशी नसते. तो एक दिवस, फार तर दोन दिवस, लेप आणि वारंवार दोहन यांनी भरून काढणे शहाणपणाचे आहे. पण गायीला ताप चढला, तिने चारा सोडला, कास दगडासारखी घट्ट झाली किंवा सडातून रक्त-पू आला, तर पाच दिवसांची वाट पाहायची नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखा जिवाणू कासेच्या आत घर करून बसतो. वरची सूज उतरली तरी तो जात नाही आणि धार काढणाऱ्या हातावरून शेजारच्या गायीला लागतो.

झाडपाल्याचे समर्थक प्रतिजैविकांच्या अंशांचा मुद्दा मांडतात. तो मांडताना आकडे नीट पाहायला हवेत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले ते ७७ नमुन्यांत, आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष जास्त आढळले ते ३६८ नमुन्यांत. म्हणजे दुधातली मोठी चिंता सुईतून येण्याआधी बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि कडब्यातून येते. कोरडी, हवेशीर साठवण हा तिच्यावरचा उपाय. तिथे कोणताही पाला कामाचा नाही. तरीही प्रतिजैविके जपून वापरण्याचे कारण उरतेच, कारण खरा धोका ग्लासभर दुधातल्या अंशापेक्षा औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा आहे. माणसांवरचा जवळजवळ शेवटचा उपाय असलेले कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली, ती याच भीतीपोटी. दर सौम्य कासदाहाला सुई टोचली नाही, तर गंभीर कासदाहासाठी सुई शिल्लक राहते. लेपाची खरी बाजू ही आहे.

दुसरे उदाहरण पोटफुगीचे, आणि इथे मुदत दिवसांची नसून मिनिटांची आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळा लसूणघास किंवा ओला हिरवा चारा जनावराने अधाशीपणे खाल्ला की पोटात वायूचा फेस होतो. ढेकर येत नाही, रवंथ थांबते, डावी भकाळी ढोलासारखी वर येते. गोडेतेल पाजणे हा इथला जुना उपाय, आणि त्यामागचे कारण आज नेमके सांगता येते. तेलाने फेसाचे बुडबुडे फुटतात, कोंडलेला वायू मोकळा होतो आणि ढेकर सुटतो. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर तेल दिले जाते. त्यात हिंग, ओवा, सुंठ घालण्याची रीत सगळीकडे आहे. त्यांचा वाटा असेलही, पण मुख्य काम तेलाचे. मात्र पाजणाऱ्याने जीभ बाहेर ओढून धरली किंवा मान फार वर केली, तर तेच तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. पोटफुगीतून वाचलेले जनावर मग न्यूमोनियाने दगावते. म्हणून तेल बाटलीने, गालाच्या कडेने, घोट घोट द्यायचे, जनावराला गिळायला उसंत द्यायची आणि ते खोकले की हात थांबवायचा. त्यातूनही जनावर धापा टाकू लागले किंवा आडवे पडले, तर भकाळीतून नळी घालून वायू काढण्यावाचून गत्यंतर नसते. ते काम डॉक्टरांचे आहे.

काही दुखण्यांत पाल्याला जागाच नाही, आणि ती दुखणी कोणती हे ओळखणे हा झाडपाल्याच्या ज्ञानाचाच भाग मानला पाहिजे. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत उठेनाशी झाली, कान थंड पडले, मान कुशीकडे वळवून बसली, तर तो दुग्धज्वर असतो. नावात ज्वर असला तरी अंग उलट गार पडते, कारण रक्तातले कॅल्शियम एकदम घसरलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिले की तीच गाय बहुधा काही तासांत उभी राहते, आणि दिले नाही तर मरते. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांवर वेळेवर लस. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर, माणसाला असो वा जनावराला, जखम साबणाने भरपूर धुणे आणि लस. इथे मुळी उगाळत बसलेला प्रत्येक तास वाया जातो.

लम्पीच्या साथीत, २०२२ मध्ये, महाराष्ट्राने या सगळ्याची परीक्षा दिली. विड्याची पाने, मिरे, मीठ आणि गूळ यांच्या वाटणाची कृती गावोगाव पोचली. लम्पी हा विषाणूचा रोग. त्यातून बहुतेक जनावरे चांगल्या शुश्रूषेने बरी होतात, म्हणून अशा साथीत जो उपाय केला जातो तोच गुणकारी वाटतो. तिथे झाडपाल्याने खरे काम केले असेल तर ते जखमांवर. फुटलेल्या गाठी कडुनिंबाच्या पाण्याने धुणे, हळद-तेलाचा लेप लावणे, माश्या बसू न देणे, अळ्या पडू न देणे हे मोठे काम आहे. साथ रोखण्याचे काम मात्र शेळ्यांच्या देवीवरच्या लसीने केले. ती लस गायी-बैलांना टोचण्याची मोहीम राज्यभर चालली. ज्या घरांनी वाटणही दिले आणि लसही टोचून घेतली, त्यांना मी नावे ठेवणार नाही. वाटणावर विसंबून लस टाळणे घातक होते.

'झाडाचे आहे, अपाय होणार नाही' हे सर्वांत सोयीचे आणि सर्वांत चुकीचे वाक्य. सीताफळाच्या बियांची पूड उवा आणि गोचिडांना मारते ती तिच्यात जहाल द्रव्य असते म्हणूनच. तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. पोरांच्या केसांना ती लावण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यायला हवी. तंबाखूच्या पाण्याने गोचीड मरतो तो निकोटिनने, आणि निकोटिन कातडीतून वासराच्या अंगातही उतरते. अडुळशाचे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलके आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या धाग्यावरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध तयार झाले. म्हणजे आजीच्या काढ्यामागे खरे रसायन होते. पण व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करते, म्हणून गर्भवतीला आणि गाभण जनावराला अडुळसा देऊ नये. गुण आणि अपाय एकाच पानात असतात, मात्रा आणि वेळ त्यांना वेगळे करतात.

या कसोटीवर आपल्या घरातली बाळघुटीही तपासली पाहिजे, जरी तिच्याशी आपल्या भावना जोडलेल्या असल्या तरी. सहाणेवर मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, वेखंड, हळकुंड, जेष्ठमध यांचे ठरावीक वेढे घ्यायचे ही जुनी शिस्त होती, आणि वेढे मोजणे म्हणजे मात्राच होती. आता तयार पुड्या आल्या आणि चमचा आला, वेढा गेला. जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येते. वेखंडातले बीटा-असारोन उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ मध्येच वेखंड अन्नात वापरायला बंदी केली. घुटी मधातून चाटवली तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझमचा धोका असतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे, आणि तो घुटीच्या बाजूने वळवता येत नाही. आजीचा अनुभव खोटा होता असे यातून निघत नाही. तिच्या काळी बाळांच्या मृत्यूंची जी संख्या होती, तीत कशाचा वाटा किती हे वेगळे काढण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते.

'आधुनिक औषधेही कुठे निर्धोक आहेत?' असा प्रतिप्रश्न येतो. नाहीतच. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफिनॅकने आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपवली. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडांवर घाव घालते हे २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण दोष शोधला तो तपासणीने, आणि गिधाडांना न मारणारे मेलॉक्सिकॅमही तपासणीतूनच हाती आले. झाडपाल्याच्या बाजूने हे उदाहरण देणाऱ्यांनी त्यातली ही दुसरी अर्धी बाजूही घ्यावी. हळदीच्या पेटंटची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या नोंदी पुढे ठेवल्या आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. अभिमान वाटावा असाच तो विजय. त्यातून सिद्ध झाले ते हळदीचा वापर जुना आहे एवढेच. कोणत्या जखमेवर, किती आणि किती दिवस, हा अभ्यास त्याने संपत नाही.

तो अभ्यास करायला जागा आहे आणि माणसेही आहेत. पुण्यातून काम करणाऱ्या, महिला पशुवैद्यकांनी उभारलेल्या 'अँथ्रा'ने महाराष्ट्र आणि आंध्रातल्या जाणत्या पशुपालकांकडून, विशेषतः शेळ्या-कोंबड्या सांभाळणाऱ्या बायकांकडून, असे उपाय नोंदवून घेतले. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला राज्यातल्या गोठ्यांची वाट ठाऊक आहे. २०१९ च्या गणनेनुसार राज्यात सुमारे ३.३ कोटी पशुधन आहे आणि १९६२ या क्रमांकावर फोन केला तरी फिरते पथक दर वाडीवर तासाभरात येईलच असे नाही. तोवर घरात काहीतरी केले जाणारच. ते काय असावे हे दूध संघांनी लिहून द्यावे. दर उपायाची एक पाटी गोठ्यात लागावी. तिच्यावर वरच्या ओळीत लक्षण, खाली वजनासह कृती, त्याखाली कोणाला देऊ नये, आणि सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत किती तासांत गुण आला नाही तर डॉक्टरांना बोलवायचे ते असावे. आणि डॉक्टर आल्यावर आधी काय पाजले, काय लावले ते शेतकऱ्याने न लपवता सांगावे. रागावतील म्हणून ते लपवले जाते, आणि मग तेलाने झालेला न्यूमोनिया वेगळाच रोग समजून उपचार होतात. डॉक्टरांनीही ते ऐकून वहीत टिपून घ्यावे. तालुक्यातल्या दहा दवाखान्यांनी वर्षभर लेप लावलेल्या आणि न लावलेल्या कासदाहाच्या गायींची अशी सरळ नोंद ठेवली, तर आज अर्धवट राहिलेला कोरफड-हळदीचा वाद बराचसा निकालात निघेल.